एक टाचणी कमी

फोमच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. डोंबिवली पूर्वेला गाद्या-सोफ्यांचं दुकान चालवून मला एकतीस वर्षं झाली. बोटाने दाबून मी फोमचा कस सांगतो. कापलेली कड बघून तो अख्खा ओतलेला आहे की चिंध्या दाबून केलेला, हेही सांगतो. त्यामुळे जावयांनी जेव्हा फोनवर सांगितलं, की त्यांच्या गाडीच्या आवाजासाठी कसलासा खास फोम परदेशातून मागवायचाय आणि तो यायला दोन महिने लागतील, तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, मागवू नका काही, गाडी घेऊन या इकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

आधी जावयांबद्दल सांगायला हवं. ते ठाण्याच्या कोलशेतचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. आजोबा मिठागरात राबले, वडिलांच्या वाट्याच्या जमिनीवर पुढे टॉवर उभे राहिले. माझी मुलगी आणि ते एकाच ऑफिसात होते, तिथेच जमलं. आम्ही कोकणातून आलेली माणसं, दुकानामागच्या दोन खोल्यांत संसार केलेली. लग्नात त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नाही, उलट आमच्या चार पाहुण्यांची जास्तीची बडदास्त ठेवली. माणसं चांगलीच आहेत. पण हळदीच्या मांडवात त्यांच्या थोरल्या काकांनी कोणाला तरी माझी ओळख करून देताना, "पोरीचा बापूस गादीवाला हाय," असं म्हटलं. त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. तरी ते वाक्य माझ्या मनात रुतलं ते रुतलंच. मी असाच आहे. कोणी केलेली स्तुती चार दिवसांत विसरतो, टोचलेलं विसरत नाही.

जावई स्वतः कधी तसं बोलले नाहीत. ते मला 'बाबा' म्हणतात, दुकानात आले की बूट बाहेर काढतात. पण दुकानातल्या गोष्टींत त्यांना रस नसे. मी एखाद्या गादीविषयी सांगायला लागलो की ते मान डोलवायचे आणि हळूच मोबाइल बघायचे. जावई हा दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणत. माझ्या पत्रिकेत तो शांत होता, पण माझ्या घरात नुसता पाहुण्यासारखा बसलेला होता.

त्यांनी गेल्या वर्षी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोनच दारांची, मागच्या सीटवर दप्तर ठेवायचीसुद्धा पंचाईत. हौसेने घेतली आणि महिनाभरात हिरमुसले. झालं होतं असं: या गाड्यांमध्ये इंजिन जिथून हवा ओढतं तिथून एक मनगटाएवढी नळी निघते आणि माणसं बसतात त्या बाजूच्या पत्र्यापाशी येऊन थांबते. तिचं काम एकच, इंजिनचा आवाज आत आणायचा. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी जन्मभर लोकांची भांडी-कुंडी, शेजारी, भुंकणारी कुत्री यांचे आवाज बाहेर ठेवायला फोम विकला, आणि इथे आवाज घरात आणायला नळी टाकलेली! त्या नळीत मध्ये रबराचा एक पडदा असतो, म्हणजे आवाज जातो पण वस्तू जात नाही. पडद्याच्या पुढे फोमचं बूच असतं, ते आवाजातली किंचाळी गाळून घेतं आणि गुरगुर तेवढी पुढे सोडतं.

आधीच्या मालकाने जास्त आवाजाच्या हौसेपायी बूच फेकून दिलं होतं आणि पडदाही कापून टाकला होता. त्यामुळे गाडी ऐंशीच्या वर गेली की कान भरून जाई. माझी मुलगी म्हणायची, डोक्यात पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटतं. घोडबंदर रोडला एकदा ती अर्ध्या वाटेत उतरून रिक्षाने घरी गेली. जावयांना तर तो आवाज पूर्ण बंदही नको होता. "बाबा, मी त्या आवाजासाठीच घेतलेली ना गाडी," असं त्यांनी मला जवळजवळ काकुळतीने सांगितलं.

पडदा कापलेला असल्याचं त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. नळी आता थेट इंजिनच्या तोंडात उघडते, तेव्हा फोमचा चुरा पडेल असं काही नको, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हातचा फोम चुरा पाडत नाही.

पहिलं बूच मी साध्या सोफ्याच्या फोमचं कापलं. ते घातलं आणि गाडी मुकीच झाली. जावयांचा चेहरा मयताला आल्यासारखा. दुसरं चिंधीफोमचं केलं, त्यातून आवाज आला पण घसा बसलेल्या माणसाचा. मग मला चेव चढला. मी चार दिवस दुकानातली कामं बाजूला ठेवली आणि त्या चार इंचांच्या बुचामागे लागलो. माशांच्या टाकीच्या गाळणीला असतो तसा मोठ्या भोकांचा फोम इंजिनच्या बाजूला, त्याच्यामागे कडक चिंधीफोमची चकती, आणि चकतीला मधोमध अंगठ्याएवढं भोक. दोन थर सोल्युशनने चिकटवले. ते रात्रभर एकमेकांना धरून राहावेत म्हणून चारी बाजूंनी टाचण्या मारून ठेवल्या.

इंजिनची कामं करणाऱ्याने तिथे टाचणी लावलीच नसती. त्याने रबरबँड गुंडाळला असता. पण आम्हा गादीवाल्यांचा हात आधी टाचणीकडे जातो.

आमच्याकडे टाचण्यांचा एक नियम आहे. मला कल्याणच्या ज्या उस्तादांनी काम शिकवलं त्यांनी पहिल्या दिवशी फोमला हात लावू दिला नव्हता, आधी टाचण्या मोजायला लावल्या होत्या. माल दुकानाबाहेर पडण्याआधी टाचण्या मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी माल जागचा हलवायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही तडतडो. फोममध्ये राहिलेली टाचणी बसून राहत नाही. हादरा बसेल तशी ती पुढे सरकत जाते आणि वर्षभराने कोणाच्या तरी मांडीत निघते. माझ्याकडे जुन्या स्पीकरचं एक लोहचुंबक आहे, त्यावर चोवीस टाचण्या असतात. मुलगी शाळेत होती तेव्हा फोमच्या गुंडाळीवर बसून त्या मोजायची आणि मोठ्याने सांगायची, "चोवीस. न्या आता." एकतीस वर्षांत हा नियम मी मोडला नव्हता.

त्या शनिवारी ती दोघं सकाळी दहाला आली. दोन दिवसांसाठी इगतपुरीला चालली होती, वाटेत बूच बसवून पुढे जायचा बेत होता. मी टाचण्या काढल्या, कडा साफ केल्या, बूच जावयांच्या हातात दिलं. त्यांनी बॉनेट उघडून ते स्वतः नळीत सरकवलं, नळी आवळली, गाडी चालू केली आणि मला आत बसवलं.

तो आवाज मला अजून आठवतो. किंचाळी कुठल्या कुठे गेली होती. पायाखालून एक जाड, गोल घुमारा येत होता, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेसारखा. जावयांनी पाय दाबला तसा तो वाढला, पण कानाला लागला नाही. मुलगी मागे उभी होती, तिने वाकून ऐकलं आणि म्हणाली, "आता झोपता येईल मला गाडीत." गल्लीतली माणसं जमली. जावई उतरले आणि त्या सगळ्यांसमोर, रस्त्यातल्या धुळीत हात टेकून, माझ्या पाया पडले. "बाबा, हे कोणाला जमला नसता," म्हणाले. आवाजातही काहीतरी वेगळं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच बॉनेटकडे बघत राहिलो.

मला लोहचुंबकाची आठवण झाली होती. हे मी लपवणार नाही. दुकानात टेबलावर ते मला दिसतही होतं. पण बायको दहीसाखरेची वाटी घेऊन आली होती, गाडी चालू होती, जावई दार धरून उभे होते. अशा वेळी जावयाला दारात तिष्ठत ठेवून, 'थांबा हं, जरा टाचण्या मोजतो,' म्हणायचं? नुकतेच ज्याने पाय धरले त्याच्यासमोर पुन्हा गादीवाला व्हायचं? मी हात हलवला. साडेदहाला गाडी गल्लीच्या टोकाला वळली.

चहा घेतला, दोन गिऱ्हाइकांना तोच किस्सा सांगितला, आणि अकरा वाजता टाचण्या मोजल्या. तेवीस भरल्या.

पुन्हा मोजल्या. मग लोहचुंबकावरून सगळ्या काढून कागदावर एकेक ठेवत मोजल्या. तेवीस.  

त्या क्षणी फोन उचलून मुलीला सांगायला हवं होतं. गाडी तेव्हा फार तर कल्याणच्या पुढे, पडघ्याच्या वाटेवर असेल. मी फोन उचललाही. आणि माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. मनात आलं, की टाचणी इथेच कुठेतरी खाली पडलेली असेल, आणि मी त्यांना भर हायवेवर थांबवून बॉनेट उघडायला लावीन, आणि आत काही सापडणार नाही. मग तो किस्सा कोलशेतला पोचेल. सासरे इंजिनमध्ये टाचणी विसरले म्हणे. थोरले काका मांडी आपटून हसतील. म्हटलं, आधी दुकान बघू. पाच मिनिटं.

मी लोहचुंबक दोरीला बांधून अख्ख्या फरशीवरून फिरवलं. त्याला दोन खिळे, एक स्टेपलची पिन आणि केरातलं लोखंडाचं भुसकट लागलं. मग कापलेल्या तुकड्यांची पिशवी उपडी केली आणि एकेक तुकडा बोटांत दाबून पाहिला. सदरा काढून झटकला. चपलेचा तळ पाहिला. बायको आतून आली आणि काय शोधताय म्हणून विचारलं. मी म्हटलं मेजर टेप. तो माझ्या गळ्यात होता. तिने माझ्या गळ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

साडेअकरा झाले तेव्हा मी शेजारच्या गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, रोजचा चहाचा सोबती. त्यालाही खरं सांगितलं नाही. हसत हसत विचारलं, की समजा एखादी टाचणी हवेच्या वाटेने इंजिनमध्ये गेली तर काय होईल? त्याने हात पुसत विचार केला. म्हणाला, "नशीब असेल तर काहीच नाय. नसेल तर व्हॉल्व्हमध्ये अडकेल, नायतर आत चिरे पाडेल. चालती गाडी एकदम बसली तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो. सपाट रस्त्याला माणूस सांभाळून घेतो. पण घाटात मागचा ट्रक तुझ्यासाठी थांबत नाय." मग म्हणाला, "का रे?"

मी म्हटलं, असंच.

हे ऐकल्यावर तरी फोन करायला हवा होता. वाटेतला कसाऱ्याचा घाट माझ्या डोळ्यांसमोर आला होता, त्याची वळणं, कडेचे ट्रक. तरीही मी दुकानात परत आलो आणि गाद्यांचे गठ्ठे उचलून त्यांच्याखाली बॅटरी मारायला लागलो, आणखी वीस मिनिटं. पाचावर धारण बसलेला माणूस घाई करतो असं आपण समजतो, पण मी तर कूर्मगतीने प्रत्येक कोपरा बघत होतो, कारण शोधणं चालू होतं तोवर फोन करायची वेळ आली नव्हती. मध्येच थांबून मी मुलीला मेसेज लिहायला घेतला. 'जरा वाटेत चहाला थांबलात तर सहज बूच बघा.' सहज! तो पुसला. एवढ्या भीतीतही मी आब राखून वाक्यं जुळवत होतो, याची मला आज शिसारी येते.

बारा वाजायला आठ मिनिटं होती तेव्हा मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जावयांना लावला, तोही वाजून बंद झाला. मग मला कळलं की ते ऐकणारच नाहीत. खिडक्या लावून, मी केलेला तो आवाज ऐकत ती दोघं चालली असतील, आणि मुलगी कदाचित झोपली असेल. मी खुर्चीवर बसलो.  मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या दहा मिनिटांत मी गावच्या देवीला जे जे कबूल केलं ते फेडायला मला एक जन्म पुरणार नाही.

मुलीचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न होता, "आईला काय झालं?" मी म्हटलं, गाडी थांबवा. ती म्हणाली थांबलेलीच आहे, शहापूरच्या पुढे वडापाव घ्यायला उतरलोय. मी म्हटलं, चालू करू नका, बुचात टाचणी राहिलीय. तिने ते तसंच जावयांना सांगितल्याचं मला ऐकू आलं, आणि मग फोन बंद झाला.

वीस मिनिटांनी फोटो आला. जावयांच्या तळहातावर माझं बूच होतं आणि शेजारी टाचणी. खाली लिहिलं होतं की ती इंजिनच्या बाजूने फोममधून बाहेर आलेली होती, नुसती टोकावर अडकून राहिली होती, बोट लावल्याबरोबर हातात आली. बायकोला मी तेव्हा सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

खरी गोष्ट यानंतरची आहे. जावई चिडले नाहीत. उलट त्यांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की बाबांना कळल्याबरोबर त्यांनी त्याच मिनिटाला फोन केला, म्हणून आम्ही घाटाच्या आधी थांबलो. दुसरा कोणी असता तर लाजेने गप्प बसला असता, असंही लिहिलं. मी ते वाचलं. खाली हात जोडल्याची खूण टाकली. खोटं बोललो नाही. नुसती खूण टाकली.

पंधरा दिवसांनी कोलशेतला त्यांच्याकडे पूजा होती. मी टाळायला बघत होतो, बायकोने जमू दिलं नाही. तिथे जावयांनी तो प्रसंग पुन्हा भरल्या घरात सांगितला. थोरल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, माझा दंड धरला आणि मला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "चूक कोनाकरशी बी होते. पन लगेच सांगाला काळीज लागतं," म्हणाले. आलेल्या माणसांना ते माझी ओळख करून देत होते, आणि आता गादीवाला म्हणत नव्हते. जो मान मला दोन वर्षं हवा होता तो मिळाला होता, आणि मला त्या खुर्चीवर बसवत नव्हतं.

जेवणं झाल्यावर मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आली आणि खाली बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिने मला हळू आवाजात विचारलं, "बाबा, टाचण्या कधी मोजल्या होत्या?"

त्या नियमात ती वाढलेली. गिऱ्हाईक गेल्यावर दीड तास मी टाचण्या मोजल्याशिवाय राहणार नाही, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक. थाप मारावीशी वाटली. तोंडाशी आलीही होती.

"अकराला," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. फोन किती वाजता आला होता ते तिच्या मोबाइलमध्ये होतंच, तिला हिशेब घालायची गरज नव्हती. मी म्हटलं, मी जावयांना आत्ताच्या आत्ता सांगतो. ती म्हणाली, "नको. ह्यांना नका सांगू. ते तुम्हाला फार मानतात आता."

मला वाटलं तिने माझी चूक पोटात घातली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, पण ती तोवर तांब्या उचलून उभी राहिली होती.

"पण मी होते ना गाडीत, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या पंगतीला पाणी वाढायला गेली.